शाल-श्रीफळाचा वाद

मार्च 2009 मध्ये अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाने जाहीर केलं, की यंदाच्या पदवीदान समारंभाला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा येतील, भाषण करतील आणि विद्यापीठ त्यांना कायद्याची मानद डॉक्टरेट देईल. हे इंडियाना राज्यात साउथ बेंडला लागून असलेलं कॅथलिक विद्यापीठ, 1842 साली होली क्रॉस संघाच्या फादर एडवर्ड सोरिन यांनी पवित्र मरियेच्या नावाने सुरू केलेलं. आणि पाहुणा गर्भपाताला स्त्रीचा कायदेशीर हक्क मानणारा. पुढचे दोन महिने अमेरिकेतले कॅथलिक आपसात जे भांडले, त्याची धग अजून पुरती विझलेली नाही.

हा वाद मी दोन वसईकरांच्या तोंडी घातला आहे. मामा निवृत्त मुख्याध्यापक आहेत, रोज सकाळच्या मिस्सेला जाणारे. भाची मुंबईच्या एका कॉलेजात कायदा शिकवते आणि रविवारची मिस्साही तिची कधीकधी चुकते. पात्रं रचलेली, घटना खऱ्या. न राहवलं तर मीही मध्येच तोंड घालणार आहे.

मामा: माझं म्हणणं आधी नीट ऐक. ओबामांना बोलवू नये, त्यांचं ऐकू नये, असं मी म्हणतच नाही. पण पाहुण्याला शाल पांघरायची, हातात श्रीफळ द्यायचं, सगळ्या सभेने उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि नंतर हळूच सांगायचं, "त्यांचं ते एक मत मात्र आम्हाला मान्य नाही हं." याला काय म्हणायचं?

भाची: शिष्टाचार म्हणायचं. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर जॉन जेन्किन्स पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते, की गर्भपात आणि भ्रूणाच्या मूलपेशी या विषयांवर आमचा विरोध कायम आहे, मान देशाच्या राष्ट्राध्यक्षाचा आहे. आणि ही काही नवी टूम नव्हती. 1960 मध्ये आयझेनहॉवर आले, 1977 मध्ये कार्टर, 1981 मध्ये रेगन, 1992 मध्ये थोरले बुश, 2001 मध्ये धाकटे बुश. रेगन तर मार्चअखेर गोळी लागून वाचले आणि त्यानंतर वॉशिंग्टनबाहेरचा पहिला दौरा केला तो नोटर डेमचा. तरुणपणी त्यांनी सिनेमात तिथल्याच फुटबॉलपटूची भूमिका केली होती, त्यामुळे पोरं खूश. तारीखही योगायोगाने ओबामांच्या समारंभाचीच, 17 मे.

मामा: पण ओबामांनी सत्तेवर आल्या आल्या काय केलं ते का सांगत नाहीस? जानेवारीत शपथ घेऊन तीन दिवस होतात न होतात तोच, परदेशात गर्भपाताचं काम करणाऱ्या संस्थांना अमेरिकेचा पैसा मिळू न देणारं धोरण त्यांनी रद्द केलं. मार्चमध्ये भ्रूणाच्या मूलपेशींवरच्या संशोधनाला सरकारी पैशाची वाट मोकळी केली. आणि त्याच महिन्यात नोटर डेम म्हणतं, या, तुम्हाला कायद्याचे डॉक्टर करतो. कायद्याचे! निदान दुसऱ्या कुठल्या विषयाची पदवी तरी शोधायची.

भाची: हा टोमणा चांगला आहे. पण नोव्हेंबर 2008 मध्ये मत देऊन बाहेर पडलेल्यांच्या पाहण्या सांगतात, की 54 टक्के कॅथलिकांनी ओबामांनाच मत दिलं होतं. म्हणजे बाकांवर बसलेल्यांनी आधीच निकाल दिला होता.

मामा: निवडणूक कोण जिंकलं हे मतांनी ठरतं. काय बरोबर हेही मतांनीच ठरवायचं का? तू कायदा शिकवतेस, तुला हे मी सांगायचं? तिथले बिशप जॉन डार्सी यांनी काय केलं बघ. त्यांच्या कारकिर्दीतला तो पंचविसावा पदवीदान समारंभ. खूप प्रार्थना केली आणि कळवलं, मी येणार नाही. राष्ट्राध्यक्षांचा अनादर करायचा नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, हेही लिहिलं. ना आरडाओरडा, ना बहिष्काराची हाक. पुढे देशभरातल्या 80 च्या आसपास बिशपांनी जाहीर नापसंती नोंदवली. साडेतीन लाखांहून जास्त लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या.

भाची: आणि एक विमान कित्येक दिवस गर्भपात झालेल्या भ्रूणाचं चित्र मागे लटकवून कॅम्पसवर घिरट्या घालत होतं. तेही तुमच्याच बाजूला जमा करा.

मामा: त्या विमानवाल्यांचं ओझं बिशपच्या खांद्यावर टाकू नकोस. मुद्दा नियमाचा आहे. 2004 साली अमेरिकेतल्या बिशपांनी एकत्र बसून ठरवलं होतं, की आपल्या मूलभूत नैतिक तत्त्वांना धुडकावून वागणाऱ्यांचा सन्मान कॅथलिक संस्थांनी करू नये, आणि त्यांच्या कृतीला आपला पाठिंबा आहे असं वाटेल असे पुरस्कार, मानसन्मान, व्यासपीठ त्यांना देऊ नये. याहून स्पष्ट काय लिहायचं?

भाची: स्पष्ट? मग ऐका. त्या निवेदनाचा विषयच मुळी राजकारणातले कॅथलिक हा आहे. स्वतःला कॅथलिक म्हणवून शिकवणुकीविरुद्ध मतदान करणाऱ्या नेत्यांचं काय करायचं, या पेचातून ते निघालं. ओबामा प्रोटेस्टंट. जेन्किन्स यांनी चर्चच्या कायद्याच्या जाणकारांना विचारलं आणि विश्वस्तांना कळवलं, की हा नियम कॅथलिक नेत्यांपुरता आहे. जो आपल्या घरचाच नाही, त्याने घरचा नियम मोडला असं कसं म्हणायचं?

मामा: अगं बाय, ही वकिली झाली! म्हणजे गर्भपाताला पाठिंबा देणाऱ्या कॅथलिकाला दार बंद आणि तोच पाठिंबा देणाऱ्या प्रोटेस्टंटाला पायघड्या? आणि नियमाचा अर्थ लावायचा कुणी, विद्यापीठाने नेमलेल्या वकिलांनी की त्या धर्मप्रांताच्या बिशपने? डार्सींना निमंत्रण स्वीकारलं गेल्यावर कळवलं. आधी विचारलं नाही.

इथे मला मामांच्या पारड्यात वजन टाकावंसं वाटतं. जेन्किन्स यांच्या सगळ्या बचावात हा नियमाचा कीस काढणं मला सर्वांत लंगडं वाटतं. "होय, नियम आहे, पण राष्ट्राध्यक्षपदाला आम्ही अपवाद करतो," असं ते सरळ म्हणाले असते तर भांडण झालंच असतं, पण ते खऱ्या मुद्द्यावर झालं असतं. भाचीलाही हे कळतं, कारण ती लगेच दुसरी वाट धरते.

भाची: ठीक आहे, नियमाचा कीस सोडा. विद्यापीठ बिशपच्या हाताखालची शाळा नाही, हा खरा मुद्दा घ्या. 1967 साली विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्सला नोटर डेमच्या जागेत कॅथलिक शिक्षणसंस्थांचे लोक जमले. पुढाकार फादर थिओडोर हेसबर्ग यांचा. 1952 ते 1987, पस्तीस वर्षं नोटर डेमचे अध्यक्ष. तिथल्या निवेदनाचा गाभा असा, की कॅथलिक विद्यापीठाला विद्यापीठ व्हायचं असेल तर बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून त्याला स्वायत्तता हवी, मग ती सत्ता सरकारची असो वा चर्चची. नाहीतर ते विद्यापीठ राहत नाही, प्रवचनाचं सभागृह होतं.

मामा: आणि 1990 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक विद्यापीठांसाठी जो दस्तऐवज दिला, तो विसरलीस? विद्यापीठ चर्चच्या काळजातून जन्मलं, ही त्याची सुरुवातच आहे. स्वातंत्र्य आहे, पण चर्चशी नातं हा विद्यापीठाच्या ओळखीचाच भाग आहे. आणि हेसबर्गचं नाव तू काढलंस ते बरं झालं, कारण माझं पुढचं उदाहरण नोटर डेममधलंच आहे. सप्टेंबर 1984 मध्ये न्यू यॉर्कचे गव्हर्नर मारियो कुओमो तिथे आले. कॅथलिक माणूस. ईश्वरविज्ञान विभागाने बोलावलं. त्यांनी मांडलं, की चर्चची शिकवण मी माझ्या घरात पाळतो, पण अनेक धर्मांच्या देशात ती कायद्याने सगळ्यांवर लादणार नाही. त्या वेळी न्यू यॉर्कच्या आर्चबिशपांशी त्यांचं उघड वाजलं होतं, तरी बोलावलं. आणि त्याच महिन्यात काँग्रेसमन हेन्री हाइड नोटर डेमला येऊन उलट बाजू मांडून गेले. याला मी विद्यापीठ म्हणतो. माणूस येतो, आपली बाजू मांडतो, कुणीतरी उठून उत्तर देतो. तिथे कुणी कुओमोंच्या गळ्यात मानद पदवी घातली नाही.

भाची: म्हणजे ओबामा सप्टेंबरात कुठल्यातरी विभागाच्या व्याख्यानाला आले असते तर चाललं असतं?

मामा: मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो असतो.

भाची: राष्ट्राध्यक्ष विभागाच्या व्याख्यानाला येत नाहीत, मामा. ते पदवीदानाला येतात, कारण तिथे हजारो घरांतले आईबाप असतात, कॅमेरे असतात. तुमचा तोडगा कागदावर छान आहे, प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'बोलावूच नका' असाच होतो.

मामा: त्याच आठवड्यात अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने काय केलं? ओबामांना पदवीदानाला बोलावलं, भाषण करू दिलं आणि मानद पदवी दिली नाही. म्हणजे जमतं की!

भाची: त्यांनी कारण काय दिलं ठाऊक आहे? ओबामांचं मोठं काम अजून व्हायचं आहे! देशभर हसं झालं त्यांचं. ओबामांनी नोटर डेमच्या व्यासपीठावरही त्यावरून थट्टा केली, राष्ट्राध्यक्ष झाल्यापासून मानद पदव्यांत माझा हिशेब दोनात एक म्हणून. पाहुण्याला बोलावून शाल न देता पाठवलं, तर त्यातही लोक अर्थ काढतातच.

मामा: हसं झालं ते कारण फालतू होतं म्हणून. कारण खरं असतं तर झालं नसतं.

अ‍ॅरिझोनावाल्यांच्या ध्यानीमनीही नसेल, पण बिशप डार्सींची बरीचशी तक्रार मिटवणारा तोडगा त्यांनी चुकून शोधला होता. नोटर डेमने तो वापरला नाही. हा सगळा वाद मला इथेच अडकलेला दिसतो. एखाद्याला बोलू देणं आणि एखाद्याचा सत्कार करणं ही दोन कामं आहेत, आणि पदवीदान समारंभ ती एकाच गाठीत बांधतो. मग एक बाजू सत्काराला विरोध करते, दुसरी भाषणाचा बचाव करते, आणि दोघांनाही वाटतं समोरचा बहिरा आहे. पण भाचीच्या भात्यातला सर्वांत टोकदार बाण अजून बाकी आहे.

भाची: 2001 मध्ये धाकटे बुश आले. मानद पदवी, टाळ्या, सगळं. त्याआधी ते टेक्सासचे गव्हर्नर होते. त्या काळात तिथे 152 जणांना मृत्युदंड दिला गेला. फाशी बंद करा म्हणून खुद्द पोप जॉन पॉल गळा कोरडा करत होते. तेव्हा किती बिशपांनी पत्रं लिहिली? किती लाख सह्या झाल्या? कुठलं विमान उडालं?

मामा: दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालता येत नाहीत. गर्भातल्या निरपराध जिवाला जाणूनबुजून मारणं हे चर्चच्या शिकवणीत कुठल्याच परिस्थितीत समर्थनीय नाही. मृत्युदंडाबाबत तेव्हाची शिकवण वेगळी होती. समाजाचं रक्षण करायला दुसरा मार्गच नसेल, तर अत्यंत विरळ प्रसंगी सरकारला ती मुभा होती. ते दार पोप फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये बंद केलं.

भाची: 152 म्हणजे विरळ?

मामा: नाही.

भाची: मग?

मामा: मग तेव्हाही बिशपांनी बोलायला हवं होतं. हे मी मान्य करतो. पण एकदा गप्प बसले म्हणून पुढेही गप्पच बसावं, असा काही नियम होत नाही. आणि तू ज्या बाईंचा उल्लेख टाळते आहेस, त्या मेरी अ‍ॅन ग्लेंडन यांचं काय? हार्वर्डच्या कायद्याच्या प्राध्यापक, व्हॅटिकनमध्ये अमेरिकेच्या राजदूत होऊन आलेल्या. त्या वर्षीचं लेटारे पदक नोटर डेम त्यांना देणार होतं.

भाची: टाळत नाही. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. 1883 पासून दिलं जाणारं हे पदक, अमेरिकन कॅथलिकांत याहून मोठा मान क्वचितच कुणी मानतं. केनेडींना 1961 मध्ये मिळालं होतं. एप्रिलअखेर ग्लेंडनबाईंनी ते नाकारलं.

मामा: का नाकारलं तेही सांग.

भाची: कारण विद्यापीठाने टीकाकारांना द्यायच्या उत्तरांत त्यांचं नाव वापरलं. ओबामांच्या शेजारी ग्लेंडनही बोलणार आहेत, म्हणजे तोल साधला जाईल, असं. बाईंनी लिहिलं, की पदवीदान ही दोन बाजूंचा तोल साधायची जागा नव्हे. आणि बिशपांची विनंती साधी होती, कुणाशीही चर्चा करायचं स्वातंत्र्य तिने हिरावलं जात नव्हतं. खरं सांगू? जेन्किन्स तिथे हरले. एका बाईच्या मानाचा उपयोग दुसऱ्याचा मान झाकायला केला. मग त्यांच्या जागी बोलायला न्यायमूर्ती जॉन नूनन यांना आणलं. तेही जुने लेटारे मानकरी, रेगन यांनी नेमलेले न्यायाधीश आणि स्वतः गर्भपाताचे विरोधक. त्यांनी येऊन संवादाच्या बाजूने भाषण केलं. म्हणजे तुमच्या गोटातही सगळे एका सुरात नव्हते.

मामा: आमच्या गोटात एक सूर कधी होता? अख्खा चर्चचा इतिहास वाच.

भाची: आता प्रत्यक्ष दिवसाकडे या. 17 मे. त्या दिवसांत निदर्शनं करताना आवारात शिरले म्हणून 88 जणांना अटक झाली. त्यात नॉर्मा मॅकॉर्व्ही होत्या. 1973 च्या ज्या खटल्याने अमेरिकेत गर्भपाताचा हक्क आला, त्यातली 'रो' म्हणजे ह्याच बाई, पुढे उलट बाजूला गेलेल्या. सभागृहात भाषण चालू असताना काही जण ओरडले, विद्यार्थ्यांनी घोषणा देऊन त्यांचा आवाज बुडवला. कुणाच्या टोपीवर क्रूस आणि बाळाची पावलं, कुणाच्या टोपीवर ओबामांचं चिन्ह. काही पदवीधर समारंभाला न जाता मरियेच्या ग्रोटोपाशी प्रार्थनेला बसले. आणि ओबामा विषय टाळून गेले नाहीत. दोन्ही बाजू एकमेकींना या प्रश्नावर पूर्ण पटवू शकणार नाहीत, हे कबूल करून म्हणाले, नको असलेली गर्भारपणं कमी करू, दत्तक घेणं सोपं करू, ज्या डॉक्टर-नर्सची सद्सद्विवेकबुद्धी गर्भपाताला तयार नाही त्यांना कायद्याचं संरक्षण देऊ. हेसबर्ग नागरी हक्क आयोगावर होते तेव्हाची गोष्टही सांगितली. एकमेकांशी न पटणाऱ्या सदस्यांना त्यांनी लँड ओ'लेक्सला नेलं, सगळ्यांना मासेमारीचा नाद निघाला, आणि तिथे बसून शिफारशी लिहून झाल्या.

मामा: छान गोष्ट. पण त्या आयोगात प्रत्येकाला बोलायचा हक्क होता. पदवीदानाला एकच माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात. ग्रोटोपाशी बसलेल्या पोरांपैकी कुणाला उत्तर द्यायची संधी मिळाली? संवाद हा शब्द त्या दिवशी फार स्वस्त झाला होता.

भाची: जेन्किन्स यांनी ओबामांच्या तोंडावर, सगळ्यांदेखत, मतभेद बोलून दाखवला. आपल्याकडे किती संस्थाचालक मंत्र्यासमोर हे करतील? मामा, 2019 ला यवतमाळच्या साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, तेव्हा तुम्ही चिडला होता. पुढच्या वर्षी उस्मानाबादला आपले फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले, धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून धमक्या आल्या, तेव्हाही चिडला होता. मग इथे का नाही?

मामा: कारण दिब्रिटोंना विरोध झाला तो ते कोण आहेत म्हणून. ओबामांना विरोध झाला तो ते काय करतात म्हणून. हा फरक तुला दिसत नसेल तर तुझ्या विद्यार्थ्यांची मला काळजी वाटते. आणि दिलेलं निमंत्रण मागे घ्या, असं मी म्हटलेलं नाही.

भाची: बरं. मग पुढे काय झालं तेही बघा. जेन्किन्स विकले गेले, असं तुमचे लोक म्हणत होते. जानेवारी 2010 मध्ये हेच जेन्किन्स वॉशिंग्टनच्या गर्भपातविरोधी मोर्चात विद्यार्थ्यांबरोबर चालले. मे 2012 मध्ये नोटर डेमने ओबामा सरकारला कोर्टात खेचलं, कारण नव्या आरोग्य कायद्याखाली कर्मचाऱ्यांच्या विम्यात संततिनियमनाचा खर्च धरायची सक्ती होत होती. पदवी देऊन तोंड शिवलं गेलं नाही.

मामा: आणि पदवी घेऊन मन वळलं नाही. सद्सद्विवेकबुद्धीचा मान राखू, हे वचन त्याच व्यासपीठावरून दिलं होतं ना? तीन वर्षांत त्याच मुद्द्यावर यजमानाला कोर्टाची पायरी चढावी लागली. मग त्या सोहळ्यातून चर्चच्या पदरात नेमकं काय पडलं?

यावर भाचीकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही नाही. विद्यापीठाच्या पदरात काय पडलं हे मात्र दिसतं. 2016 मध्ये लेटारे पदक डेमोक्रॅट जो बायडेन आणि रिपब्लिकन जॉन बेनर यांना मिळून दिलं, तर नवे बिशप नाराज. 2017 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स बोलायला उभे राहिले, तर शंभराच्या आसपास पदवीधर उठून बाहेर गेले. या खेपेला नाराज दुसऱ्या बाजूचे होते.

भाची: एकच राहिलं. 2004 चा तो नियम ज्या समितीच्या कामातून आला, तिचे प्रमुख कोण होते?

मामा: कार्डिनल मॅकॅरिक.

भाची: आणि 2008 मध्ये, ओबामांच्या बरोबर आदल्या वर्षी, नोटर डेमच्या पदवीदानाचे प्रमुख वक्ते? तेच. मानद पदवीही दिली. फेब्रुवारी 2019 मध्ये लैंगिक अत्याचारांपायी व्हॅटिकनने त्यांचं धर्मगुरुपद काढून घेतलं आणि मग विद्यापीठाने पदवी काढून घेतली.

मामा: नियम लिहिणारा नासका निघाला म्हणून नियम नासत नाही. पदवी काढली ते योग्यच केलं.

भाची: मग ओबामांचीही काढावी?

मामा: छे. त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. ते काय करतात हे देणाऱ्याला देतानाच ठाऊक होतं. कार्डिनलांनी फसवलं. देऊ नये म्हणणं वेगळं आणि दिलेलं हिसकावणं वेगळं.

भाची: हे आधी म्हणाला असतात तर अर्धं भांडण वाचलं असतं.

मामा: आणि उरलेलं अर्धं? बिशपना विचारायला नको होतं?

भाची: वेळेत कळवायला हवं होतं. परवानगी मागायला, नाही.

मामा: मग बस खाली, चहा टाकतो. हे लवकर संपणारं नाही.